पी. व्ही. सतीश : शंभर वॅटच्या रेडिओसाठी दहा वर्षे थांबलेला माणूस

कोरडवाहू (धागाकर्ता)

सोलापूरहून हैदराबादला जाणारा महामार्ग उमरगा आणि हुमनाबाद मागे टाकून तेलंगणातल्या झहीराबादेत शिरतो, तेव्हा गाडी थांबवून पाहावे असे तिथे फारसे काही दिसत नाही. या गावाला लागून पस्तापूर आहे आणि थोड्या अंतरावर माचनूर (मंगळवेढ्याजवळच्या, भीमाकाठच्या आपल्या माचणूरशी त्याचा संबंध नाही). १५ ऑक्टोबर २००८ रोजी या माचनूरमधून ९०.४ मेगाहर्ट्झवर 'संघम रेडिओ' सुरू झाला. स्वयंसेवी संस्थेला मिळालेल्या परवान्यावर चालणारे ते देशातील पहिले सामुदायिक रेडिओ केंद्र (म्हणजे स्थानिक लोकांसाठी, त्यांच्याच सहभागाने चालणारे छोटे केंद्र) होय. ते सांभाळणाऱ्या दोघी तरुणी दलित कुटुंबांतल्या होत्या आणि दोघींचेही नाव नरसम्मा असल्यामुळे एकीला 'जनरल नरसम्मा' आणि दुसरीला 'अलगोले नरसम्मा' असे म्हटले जाई.

या रेडिओमागे पी. व्ही. सतीश होते. १९ मार्च २०२३ रोजी ते गेले. ते वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते आणि ज्वारी-बाजरीसाठी त्यांनी उभे आयुष्य घातले होते, त्यामुळे माझ्या वाचनात आलेल्या मृत्युलेखांत 'भरडधान्यांचा पुरस्कर्ता' हीच ओळख ठळक होती आणि रेडिओ एखाद्या वाक्यात उरकलेला होता. ते लेख चुकीचे नव्हते, पण लहान गावाच्या प्रसारणासाठी या माणसाने जे केले ते स्वतंत्रपणे नोंदवले जावे असे मला वाटते, म्हणून हा धागा.

सतीश मूळचे म्हैसूरचे. पत्रकारिता करून ते दूरदर्शनमध्ये निर्माते झाले. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा जो 'साइट' प्रयोग झाला, त्यात त्यांनी काम केले होते. म्हणजे वरून खाली संदेश सोडण्याची यंत्रणा त्यांनी आतून पाहिलेली होती. पुढे १९८३ मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यांनी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी स्थापन केली. झहीराबादच्या आसपासच्या गावांत गरीब, बहुतांशी दलित, अल्पभूधारक बायकांचे गट उभे राहिले. हे गट म्हणजेच 'संघम', आणि रेडिओला नाव मिळाले ते त्यांच्यावरून.

माझ्या मते या माणसाची सगळी विचारसरणी एका गोष्टीत सापडते. सतीश यांनी रेडिओबरोबरच या बायकांना व्हिडिओ कॅमेराही शिकवला. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांना इंग्रजी पारिभाषिक शब्द घोकायला लावण्याऐवजी बायकांनी स्वतःच नावे पाडावीत असे ठरले. कॅमेरा उंचावरून खाली पाहतो तेव्हा तो 'पटेल शॉट', कारण जमीनदार गड्याकडे तसे पाहतो. खालून वर पाहतो तो गड्याचा शॉट. आणि कॅमेरा समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असतो तेव्हा 'संघम शॉट', कारण संघमच्या बैठकीत सगळ्या एकाच जमिनीवर बसतात. चित्रीकरणाच्या कोनांची इतकी नेमकी नावे एखाद्या चित्रपट-संस्थेत तरी सुचली असती का, याची मला शंका आहे. मायक्रोफोनला कोन नसतो हे खरे, पण संघम रेडिओवरचे बोलणे मला नेहमी त्या तिसऱ्या शॉटसारखे वाटत आले आहे.

स्टुडिओ युनेस्कोच्या साह्याने १९९८ च्या सुमारास तयार झाला होता. परवाना मात्र नव्हता आणि मिळण्याची सोयही नव्हती. पुढची दहा वर्षे बायकांनी ध्वनिमुद्रण चालू ठेवले. बियाणे कसे राखायचे, कोणत्या रानात कोणती मिसळ पेरायची, बाळंतिणीला काय द्यायचे, जात्यावरची गाणी, हे सगळे फितीवर घेऊन त्या फिती गावोगावच्या संघमच्या बैठकीत टेपरेकॉर्डरवर वाजवल्या जात. दरम्यान जुलै २००० मध्ये पस्तापूर येथेच देशभरातले कार्यकर्ते जमले आणि त्यांनी सामुदायिक रेडिओच्या मागणीचा मसुदा तयार केला, जो 'पस्तापूर इनिशिएटिव्ह' म्हणून ओळखला जातो. मनोरा असताना, यंत्रे असताना, बोलणाऱ्या बायका असताना कायदा न मोडता दहा वर्षे थांबणे आणि त्या काळात काम बंद न पडू देणे ही गोष्ट मला त्या मनोऱ्यापेक्षा मोठी वाटते.

जाणकारांनी भर घालावी.

शंकासुर

लेख आवडला, तरी एक आक्षेप नोंदवतो. सतीश मुळात दूरचित्रवाणीचे होते, नंतर शेतीचे झाले. त्यांना रेडिओचे कैवारी म्हणणे ओढूनताणून वाटते. शिवाय परदेशी संस्थेच्या मदतीने उभा राहिलेला, संध्याकाळी दोन तास चालणारा आणि दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडे न जाणारा रेडिओ हा प्रयोग म्हणून गोड वाटला, तरी त्याचे मोजमाप काय? आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. एखादी बाई आपल्या बियाण्याची माहिती चित्रफितीतून सबंध जगाला सांगू शकते. मग परवाने, मनोरा, वर्षाकाठचे शुल्क हा उपद्व्याप कशासाठी?

कलम एकोणीस

शंकासुरांच्या शेवटच्या प्रश्नाकडे नंतर येतो. आधी परवाना का नव्हता ते सांगितले पाहिजे, कारण या कथेत एक मराठी माणूस आहे आणि धागाकर्त्याने त्यांचा उल्लेख केलेला नाही.

१८८५ च्या तार अधिनियमाने तार आणि नंतर बिनतारी संदेशवहनाचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला होता. इंग्रजांनी तो स्वतःच्या सोयीसाठी ठेवला आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारांनाही तो तितकाच सोयीचा वाटला. १९९३ मध्ये बंगालच्या क्रिकेट संघटनेने हीरो कप सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला दिले, दूरदर्शनने हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने निकाल दिला की वायुलहरी, म्हणजे प्रसारण ज्यांवरून होते त्या लहरी, ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारचीही मक्तेदारी असू शकत नाही आणि पैसेवाल्यांचीही. वापरावर नियंत्रण ठेवण्यासाठी स्वतंत्र, स्वायत्त सार्वजनिक प्राधिकरण नेमावे, असेही न्यायालयाने सांगितले. अभिव्यक्तिस्वातंत्र्यात माहिती मिळवण्याचा आणि ती पोहोचवण्याचा हक्क अंतर्भूत आहे, हा त्या निकालाचा पाया होता.

गंमत पाहा, वाद होता क्रिकेट सामन्यांच्या हक्कांचा आणि त्यातून दार उघडले ते माचनूरच्या बायकांना. अर्थात ते लगेच उघडले नाही. निकालानंतर सरकारने आधी शहरांतल्या एफएम वाहिन्यांचा लिलाव केला आणि २००१ पासून खासगी वाहिन्या वाजू लागल्या. डिसेंबर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. स्वयंसेवी संस्थांसाठीचे धोरण यायला १६ नोव्हेंबर २००६ उजाडले. 'सार्वजनिक मालमत्ता' ठरलेली गोष्ट आधी बोली लावणाऱ्यांना, मग विद्यापीठांना आणि शेवटी खेड्याला मिळाली, हा क्रमच पुरेसा बोलका आहे.

संघम रेडिओचे उद्घाटन न्या. सावंत यांच्याच हस्ते झाले होते. आपण दिलेला निकाल तेरा वर्षांनी एका शेतात उभा राहिलेला पाहणे किती न्यायाधीशांच्या वाट्याला येत असेल? १५ फेब्रुवारी २०२१ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

कोरडवाहू (धागाकर्ता)

कलम एकोणीस, मनापासून आभार. सावंत साहेबांचा उल्लेख राहून जायला नको होता. 'कायदा न मोडता' हे मी जे लिहिले त्याला तुमच्या मजकुरामुळे वजन आले, कारण मोडणारेही त्याच काळात होते आणि त्यांचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. कर्नूल जिल्ह्यातल्या ओर्वकल येथे बचतगटाच्या बायकांनी २००२ मध्ये परवान्याविना 'मना रेडिओ' सुरू केला आणि काही महिन्यांत तो बंद पाडण्यात आला. बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूर येथे एका रेडिओ-दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने अवघ्या पन्नासेक रुपयांत प्रक्षेपक जुळवून, बांबूला अँटेना बांधून गावासाठी एफएम चालवले. २००६ मध्ये तेही बंद झाले. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या बुदीकोटे येथे 'नम्म ध्वनी'वाल्यांनी तर वायुलहरींना हात न लावता केबलच्या तारेतून घरोघर आवाज पोहोचवला. अडवलेले पाणी बांधाच्या फटीतून झिरपावे तसा हा सगळा काळ आहे.

मन्सूरपूरच्या तरुणाबद्दल मला सतीश यांच्याइतकाच आदर आहे. फक्त त्याचा रेडिओ त्याच्याबरोबर थांबला.

मध्यमलहरी

मी आकाशवाणीच्या एका जिल्हा केंद्रावर अकरा वर्षे नैमित्तिक उद्घोषक म्हणून काम केले. केंद्राचे नाव देत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात थोडी तक्रार आहे.

आमच्याकडे शेतीविषयक कार्यक्रमासाठी शेतकऱ्याला स्टुडिओत बोलावत. तो धुतलेले धोतर नेसून, टोपी नीट करून, तासभर आधी येऊन बाहेरच्या बाकावर बसलेला असे. आत आणल्यावर जाड दार बंद होई, एअर कंडिशनरचा गारवा अंगावर येई, आणि समोरच्या काचेपलीकडे तंत्रज्ञ हात वर करून खूण करी. तोवर बाकावर बसून माझ्याशी भरभरून बोलणारा तो माणूस लाल दिवा लागला की लिहून दिलेल्या भाषेत बोलू लागे. 'वावर' म्हणणारा 'शेतजमीन' म्हणू लागे. एकदा एका आजोबांनी तुरीवरच्या अळीला त्यांच्या भागात म्हणतात ते नाव घेतले, तर 'हा शब्द प्रमाण नाही' म्हणून तो भाग पुन्हा ध्वनिमुद्रित करायला लावला. आजोबांनी दुसऱ्यांदा पुस्तकातले नाव घेतले, पण पहिल्यांदा बोलताना त्यांचे दोन्ही हात जे हलत होते, ते दुसऱ्यांदा मांडीवर पडून राहिले. फीत ऐकणाऱ्याला हात दिसत नाहीत, तरी आवाजात तो फरक ऐकू येत होता.

म्हणून 'संघम शॉट'चा उल्लेख वाचून मी थबकलो. आमच्या स्टुडिओत मायक्रोफोन कोणीही मुद्दाम उंचावर ठेवला नव्हता. मंडळी चांगली होती, कष्टाळू होती. तरी तो 'पटेल शॉट'च होता.

आकाशवाणीला हे कळत नव्हते असे मात्र कोणी समजू नये. १९५६ मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या सहकार्याने ग्रामीण रेडिओ-मंडळांचा जो प्रयोग केला, तो आजही जगभरच्या अभ्यासात उल्लेखला जातो. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील १५० गावांत मंडळे स्थापन झाली. खास त्यांच्यासाठी वीस कार्यक्रम प्रसारित झाले, गावकरी एकत्र बसून ते ऐकत, लगेच चर्चा करत आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे पाठवत. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी त्याचे मूल्यमापन केले आणि ज्या गावांत मंडळे होती तिथे शेतीविषयक माहितीत ठळक वाढ झाल्याचे दाखवून दिले. पुढे ही योजना देशभर नेण्यात आली आणि यथावकाश निर्जीव झाली. माझ्या समजुतीप्रमाणे पुण्याच्या प्रयोगात गाव बोलत होते, पण पत्राने. मायक्रोफोन पुण्यातच होता. माचनूरने मायक्रोफोनच गावात नेला. या दोन गोष्टींमध्ये बावन्न वर्षे गेली.

शंकासुर

मध्यमलहरी, हातांची गोष्ट मनाला लागली. माझा मोबाइलचा प्रश्न मात्र अजून अनुत्तरित आहे.

पाभर

त्याचे उत्तर मी देण्याचा प्रयत्न करते. महाराष्ट्रातल्या एका सामुदायिक केंद्रावर मी सहा वर्षे काम केले. (आपल्याकडे म्हसवडची 'माणदेशी तरंग वाहिनी' किंवा बारामतीची 'वसुंधरा वाहिनी' अनेकांना ठाऊक असेल, आमचे केंद्र त्यांपैकी नव्हे आणि तितके प्रसिद्धही नाही.)

मोबाइलवर कोणीही काहीही टाकू शकते हे बरोबर आहे, पण ते कोणाला दिसावे हे टाकणारी बाई ठरवत नाही. रेडिओचे लहानपण इथे उपयोगी पडते. आमचा मनोरा तीस मीटरचा आणि प्रत्यक्ष प्रक्षेपणशक्ती शंभर वॅट, कारण धोरणाने तेवढीच मर्यादा घातलेली आहे. त्यामुळे ऐकणारी प्रत्येक व्यक्ती बोलणाऱ्या बाईच्या बाजाराच्या गावची असते. बोलणाऱ्या बाईने खोटे सांगितले तर दुसऱ्या दिवशी आठवड्याच्या बाजारात तिला कोणीतरी गाठते. एका मावशींनी हरभरा साठवताना राखेचे प्रमाण चुकीचे सांगितले होते; कार्यक्रम संपायच्या आत तीन दूरध्वनी आले, आणि पुढच्या आठवड्यात चूक काढणाऱ्या तिघींपैकी एकीलाच आम्ही मायक्रोफोनसमोर बसवले. ध्वनिमुद्रण तिच्या ओसरीवर केले. वारा होता, म्हणून मायक्रोफोनला माझा रुमाल गुंडाळला आणि रबराने बांधला. मध्येच शेळी ओरडली, ती तशीच ठेवली. त्या भागाला जेवढे दूरध्वनी आले तेवढे कोणत्याही तज्ज्ञाच्या भाषणाला आले नाहीत.

आता दुसरी बाजू, म्हणजे कोणाला हे सगळे सोपे वाटू नये. आधी इरादापत्र, मग मनोऱ्याच्या जागेची मंजुरी, मग वारंवारिता, मग अनुमती करार, आणि प्रत्येक टप्प्यावर दिल्लीच्या वेगवेगळ्या कार्यालयांत पत्रव्यवहार. आमची फाइल एका कार्यालयात चौदा महिने केवळ नकाशावरच्या अक्षांश-रेखांशांत एका अंकाची तफावत होती म्हणून पडून राहिली, आणि ही तफावत कोणी आम्हाला कळवलीही नव्हती. केंद्र सुरू झाल्यावर स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई. पाणी कधी सुटणार, वीज कधी जाणार, परीक्षेचा निकाल कधी, हे सांगता येते, पण पंचायतीत काल काय ठरले हे सांगताना वाक्य कुठे 'बातमी' होते याचा विचार करत बसावे लागते. जाहिरातींना सुरुवातीच्या धोरणात तासाला पाच मिनिटेच होती. २०१२ मध्ये वारंवारितेचे वार्षिक शुल्क १९,७०० रुपयांवरून ९१,००० वर नेण्याचा निर्णय झाला होता. देशभरातल्या केंद्रांनी ओरड केली तेव्हा तो मागे घेतला गेला, नाहीतर आमच्यासारख्यांना कुलूप लावावे लागले असते.

सतीश यांच्याविषयी मला एवढेच म्हणायचे आहे की आम्ही अर्ज केला तेव्हा 'खेड्यातल्या बायकांना हे जमेल का' हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नाही. तो प्रश्न माचनूरने निकालात काढला होता.

कलम एकोणीस

पाभर यांनी बातम्यांचा मुद्दा काढला ते बरे झाले. १९९५ चा निकाल माहिती पोहोचवण्याच्या हक्कावर उभा आहे आणि तरीही छापील साप्ताहिक ज्या ग्रामसभेचा वृत्तान्त विनापरवाना छापू शकते, तोच वृत्तान्त शंभर वॅटच्या केंद्राला सांगता येत नाही, ही विसंगती माझ्या मते टिकाऊ नाही. आज देशात पाचशेच्या आसपास सामुदायिक केंद्रे आहेत आणि त्यांपैकी अनेक शिक्षणसंस्थांची आहेत. न्यायालयाने सुचवलेले स्वतंत्र प्राधिकरणही त्या स्वरूपात आलेले नाही.

शंकासुर

पाभर, राखेच्या प्रमाणाने माझा मोबाइलचा मुद्दा मागे घ्यायला लावला, निदान निम्मा. कैवारी शब्दाबद्दलचा आक्षेपही सोडतो, पण वेगळ्या कारणासाठी. धागा पुन्हा वाचताना लक्षात आले की सतीश भरडधान्यांकडे आणि रेडिओकडे एकाच नजरेने पाहत असावेत. दोन्ही कोरडवाहू रानात येतात, दोन्हींना बाहेरून फार काही लागत नाही, आणि दोन्हींना सरकारी योजनेत बराच काळ जागा नव्हती. धागाकर्त्याचे टोपणनाव आता समजले.

एक मात्र विचारतो : प्रसारणासाठी संध्याकाळच का निवडली?

कोरडवाहू (धागाकर्ता)

टोपणनाव वडिलांच्या सातबाऱ्यावरून आलेले आहे, त्यात सतीश यांचे श्रेय नाही.

संध्याकाळचे कारण साधे आहे. मजुरीवरून आणि रानातून बाई घरी परतते, चूल पेटवते, आणि हात कामात गुंतलेले असताना कान मोकळे असतात. दूरचित्रवाणीसमोर बसावे लागते, वाचायला दिवा आणि अक्षर लागते. रेडिओ भाकरी थापताना ऐकता येतो. हैदराबादहून येणारी तेलुगू शहरी किंवा किनारपट्टीच्या वळणाची, आणि इथली बोली तेलंगणाची, उर्दू-कन्नडच्या शेजाराने घडलेली. ती भाषा यंत्रातून पहिल्यांदा येऊ लागली तेव्हा चुलीपाशी बसलेल्या बाईला नेमके काय वाटले असेल, ते मध्यमलहरींच्या त्या आजोबांना विचारायला हवे होते.

मध्यमलहरी

आजोबा आता नाहीत. पण पहिल्या वेळचे ध्वनिमुद्रण मी पुसले नव्हते. अळीचे ते नाव, हात हलवत घेतलेले, माझ्याकडच्या एका कॅसेटवर आहे. पाभर यांच्या केंद्राला हवे असल्यास पाठवतो.

पाभर

पाठवा. गुरुवारच्या भागात लावू, आणि त्या अळीला आमच्याकडे काय म्हणतात तेही विचारू.